चिनी 'क्वान' : सवय लागणं, सवय लावणं आणि लाडावून ठेवणं

आधी प्रश्न सांगतो. चिनी शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीला एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या तिसऱ्या पातळीच्या यादीत 'शीक्वान' हा शब्द भेटला. अर्थ दिला होता 'सवय'. तिथवर ठीक होतं. मग एका चिनी मालिकेत नातू हट्टाला पेटला, तेव्हा सून सासूबाईंना म्हणाली, 'हे सगळं तुम्हीच क्वान केलेलं!' शब्दकोश उघडला तर तेच अक्षर आणि अर्थ 'लाडावणे'. पुढे तेच अक्षर विज्ञानाच्या पुस्तकात 'जडत्व' या शब्दात निघालं आणि बातमीत 'सराईत चोर' या शब्दात. तिचं विचारणं असं की हे सगळं एकाच अक्षराचं आहे का, आणि असेल तर बोलताना ते चुकू नये म्हणून काय धरून ठेवायचं.

एकाच अक्षराचं आहे. धरून ठेवायला मराठीतली एक जोडीच पुरते : सवय लागणे आणि सवय लावणे. 'क्वान' या क्रियापदात दोन्ही बाजू आहेत. एखादी गोष्ट पुन्हापुन्हा होऊन आपल्या अंगवळणी पडली, तर तो क्वान. तीच पुन्हापुन्हा होऊ देऊन आपण दुसऱ्याच्या अंगवळणी पाडली, तर तोही क्वान. मराठी आई म्हणतेच ना, 'आजीनं सवय लावून ठेवलीये त्याला.' या वाक्यात 'लाड' हा शब्द कुठेही नाही, पण लाडाचीच तक्रार आहे हे ऐकणाऱ्याला कळतं. चिनी सून नेमकं तेच म्हणत होती.

आता उच्चार. रोमन लिपीत हा शब्द 'जी' या अक्षरानं सुरू होतो, म्हणून आपल्याकडे सर्रास 'ग्वान' म्हणतात. चिनीत तिथे आपला 'ग' नसतो, साधा 'क' असतो. रोमन 'के' लिहिलेलं दिसतं तिथे 'ख' असतो. इंग्रजीभाषक विद्यार्थी या क-ख, प-फ, त-थ मध्ये महिनोन्महिने घोटाळतात. आपल्याला ते बाळकडूतच मिळालेलं असतं, तरी आपण रोमन वाचून ते वाया घालवतो. म्हणून मी खाली सगळे शब्द देवनागरीत, चिनी कानाला जवळ जातील असे लिहितो आहे. स्वर, म्हणजे अक्षर म्हणतानाचा आवाजाचा चढउतार, इथे चौथा : आवाज वरून खाली आपटायचा, आपण एखाद्याला 'गप!' म्हणतो तसा. हा आपटणारा स्वर लक्षात असू द्या, पुढे तो फार महागात पडणार आहे.

अक्षर दिसतं कसं? डावीकडे उभं केलेलं हृदय : डावा ठिपका, उजवा ठिपका, मग मधली उभी रेघ. उजवीकडचा भागही सुटा लिहिला तर 'क्वान'च वाचला जातो आणि उच्चार तिथूनच आला आहे. या उजव्या भागात खाली शिंपला आहे, म्हणजे जुन्या काळचा पैसा, आणि वर काहीतरी आरपार ओवल्याची खूण. चिनी नाण्यांना मधोमध चौकोनी भोक असे. दोरीत ओवून त्यांच्या माळा करत आणि 1000 नाण्यांच्या माळेला 'एक क्वान' म्हणत. गडगंज श्रीमंताला आजही 'याओ-छान-वान-क्वान' म्हणतात, कमरेला दहा हजार माळा गुंडाळलेला. लिहिताना चूक होते ती वरच्या भागात. विद्यार्थी तिथे 'आई' हे अक्षर काढतात, कारण ते आधी शिकलेलं असतं. आईच्या अक्षरात दोन ठिपके असतात. इथे ठिपके नाहीत, एक उभी रेघ आहे, आणि आडवी रेघ दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावते. आजच्या चीनमधल्या सोप्या रूपात एकूण 11 रेघा, तैवान-हाँगकाँगच्या जुन्या रूपात 14. फरक फक्त खालच्या शिंपल्याचा.

पण जुन्या ग्रंथांत सवयीसाठी हृदय नसलेला, नुसता ओवण्याचा 'क्वान'च वापरलेला दिसतो. मेन्सियस या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथात वांग ल्यांग नावाच्या सारथ्याची गोष्ट आहे. त्याला एका सरदाराच्या मर्जीतल्या माणसासाठी शिकारीचा रथ हाकायला सांगतात. तो नियमानं रथ हाकतो, तर दिवसभरात एकही पक्षी मिळत नाही आणि तो माणूस त्यालाच नावं ठेवतो. वांग ल्यांग म्हणतो, पुन्हा एकदा बघू. या वेळी नियम गुंडाळून आडवातिडवा रथ घालतो आणि एका सकाळीत दहा पक्षी पडतात. आता तो माणूस खूश होतो, हाच सारथी कायमचा द्या म्हणतो. वांग ल्यांग नकार देतो : हलक्या माणसाबरोबर रथ हाकायची मला सवय नाही. इथल्या 'सवय नाही'साठी हाच माळेचा क्वान आहे. आणि अर्थ बघा, त्याला जमत नाही असं नाही, त्यानं नुकतंच करून दाखवलंय. त्याच्या वळणात ते बसत नाही. आजच्या बोलीतही ही छटा जशीच्या तशी आहे.

इसवी सन 100 च्या सुमारास शू शन यानं संकलित केलेल्या कोशात सवयीच्या अर्थाची याच उच्चाराची दोन अक्षरं सापडतात. एकात बाजूला हात आहे, दुसऱ्यात चालण्याची खूण. हृदयवालं अक्षर त्या कोशात नाहीच, ते नंतर रुळलं. म्हणजे सवय आधी हाताला आणि पायाला लागली, मनात नंतर गेली. हे मी अक्षराच्या रूपावरून गमतीनं म्हणतो आहे, शास्त्र म्हणून नाही. चिनी अक्षरांच्या पोटातून तत्त्वज्ञान काढण्याचा धंदा इंटरनेटवर जोरात चालतो, त्याला बळी पडू नका. बहुतेक अक्षरांत एक बाजू अर्थाचा इशारा देते, दुसरी उच्चाराचा, आणि बात तिथेच संपते.

'शीक्वान'मधल्या 'शी'बद्दल दोन वाक्यं. त्याच्या जुन्या रूपात वर पिसांची जोडी आहे, आणि त्याच कोशात त्याचा अर्थ 'पुन्हापुन्हा उडणं' असा दिला आहे, म्हणजे सराव. 11 रेघांच्या या अक्षराचं सोपं रूप करताना एका पिसाचा तुकडा तेवढा ठेवला, तीन रेघांत काम संपलं. चीनच्या सध्याच्या राष्ट्राध्यक्षांचं आडनाव तेच.

आता वापर. जोडशब्द 'शीक्वान' नाम म्हणूनही चालतो आणि क्रियापद म्हणूनही, आणि मराठी माणूस अडखळतो तो इथे. आपण म्हणतो, 'मला पहाटे उठायची सवय आहे.' यात सवय हे नाम आणि 'आहे' हे क्रियापद. त्यामुळे विद्यार्थी चिनीत 'माझ्याकडे आहे' हे क्रियापद आधी घालतात, मग 'शीक्वान', आणि शेपटाला 'पहाटे उठणे' लटकवतात. तसं वाक्य होत नाही. दोन वाटा आहेत. एक तर 'वो शीक्वान चाओ-छी', म्हणजे शीक्वान हेच क्रियापद करून त्यापुढे थेट 'पहाटे उठणे'. नाहीतर 'वो यौ चाओ-छी त शीक्वान', म्हणजे 'मला आहे' आणि मग 'पहाटे-उठण्याची-सवय' असा एकसंध गट, ज्यात सवय शेवटी येते. दुसरी रचना खरं तर मराठीच्या जवळची आहे, 'उठायची सवय', पण घाईत कोणाला आठवत नाही. पहिली जास्त बोलली जाते.

नकारातही दोन पदर आहेत. 'पू शीक्वान' म्हणजे सवय नाही, अवघडल्यासारखं होतं. 'हाय मेइ शीक्वान' म्हणजे अजून सवय झालेली नाही, होईल. नव्या शहरात राहायला गेलेल्या माणसाला कोणी विचारलं आणि त्यानं पहिलं उत्तर दिलं तर ती कुरकुर ठरते, दुसरं दिलं तर सौजन्य. यजमानासमोर दुसरंच वापरा. आणि 'शीक्वान च्यू हाओ' हे तीन शब्द कोणी खांदे उडवत म्हटले, तर अर्थ 'सवय करून घ्या, आणखी काय!' असा असतो. त्यात धीर कमी आणि वैताग जास्त.

आता सगळ्यात कामाची जागा : क्रियापदाला चिकटून मागे येणारा एकटा क्वान. 'छ्र' म्हणजे खाणे. 'छ्र-क्वान-ल' म्हणजे खाऊन खाऊन सवय झाली. 'छ्र-त-क्वान' म्हणजे खाणं जमतंय, रुचतंय. 'छ्र-पु-क्वान' म्हणजे हे खाणं आपल्याला जात नाही. पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात चिनी अभियंते यंत्र बसवायला येतात, तेव्हा दुभाष्यानं पहिल्या जेवणाच्या वेळी विचारायचा प्रश्न हाच : 'छ्र-त-क्वान मा?' हा प्रश्न चिनी माणूस पाहुण्याला हमखास विचारतो. त्याऐवजी 'आवडलं का?' असं विचारलंत तर तो भिडेखातर 'हो, छान आहे' म्हणेल आणि रात्री खोलीवर नूडल्स उकळेल. 'छ्र-त-क्वान मा' विचारलंत तर त्याला मोकळं बोलायला वाव मिळतो. कारण 'सवय नाही' म्हणण्यात जेवणाचा किंवा यजमानाचा दोष निघत नाही, आपल्याच जिभेचा निघतो. माझ्या अनुभवात उत्तर बहुतेक वेळा मसाल्यापाशी अडत नाही. सिच्वान प्रांतातला माणूस तिखटाला भीक घालत नाही. त्याला जात नाही ते गार पाणी आणि पाण्याऐवजी दिलेलं ताक. कॅन्टीनवाल्याला गरम पाण्याचा थर्मास ठेवायला सांगा, निम्म्या तक्रारी मिटतात.

या 'छ्र-पु-क्वान'ला तीन शेजारी आहेत आणि ते एकमेकांच्या जागी वापरले की घोटाळा होतो. पोट भरलंय म्हणून जात नाही, तेव्हा 'छ्र-पु-श्या'. परवडत नाही म्हणून खाता येत नाही, तेव्हा 'छ्र-पु-छी'. झेपत नाही, ताटातलं एवढं संपवणं शक्य नाही, तेव्हा 'छ्र-पु-ल्याओ'. मधला 'पु' तोच, शेवटचं अक्षर बदललं की कारण बदलतं. मराठीत हे आपण क्रियापद बदलून सांगतो : घशाखाली उतरत नाही, परवडत नाही, संपत नाही, मानवत नाही. पण इथे 'मानवत नाही'ला थोडं थांबा. हवापाणी मानवलं नाही, पोट बिघडलं, अंगावर पुरळ आलं, तर त्यासाठी 'श्वेइ-थू-पू-फू' असा वेगळा वाक्प्रचार आहे, पाणी-माती न मानवणं. तिथे क्वान लावू नका. क्वान तक्रार करतो ती वळणाची, प्रकृतीची नाही.

तसंच 'चू-पु-क्वान', राहायला रुळत नाही. गावाकडचे आईवडील शांघायला मुलाच्या विसाव्या मजल्यावरच्या घरी येतात आणि महिन्याभरात परत जायचं म्हणतात, तेव्हा हाच शब्द. 'युंग-पु-क्वान', वापरायला हात बसत नाही, नवा फोन, काटा-चमचा, डावखुऱ्याची कात्री. 'थिंग-पु-क्वान', कानाला खटकतं. सकारात्मक बाजूनं 'क्वो-क्वान-ल' म्हणजे तसे दिवस काढून काढून सवय झालेला. त्यापुढे बहुधा 'कष्टाचे दिवस' येतात. कर्म नेहमी क्वाननंतर येतं, 'छ्र-पु-क्वान' आणि मग 'तिखट'. नकाराचा 'पु' उचलून क्रियापदाच्या आधी ठेवू नका. 'पू छ्र-क्वान' असं कोणी म्हणत नाही.

आणि 'खान-पु-क्वान'! अक्षरशः अर्थ 'बघायची सवय नाही', पण वापरात तो राहिला नाही. 'खान-पु-क्वान' म्हणजे डोळ्यात खुपतं, बघवत नाही, असलं वागणं सहन होत नाही. 'मला त्याचं वागणं खान-पु-क्वान' म्हटलं की ती उघड नापसंती झाली. बैठकीत भाषांतर करताना मी याचं कधीही 'त्यांना याची सवय नाही' असं करणार नाही. समोरचा पक्ष समजेल की थोडी सवय झाली की प्रश्न सुटेल, आणि मुद्दा असतो चीड आल्याचा. याचेही दोन जुळे आहेत. 'खान-पु-छी' म्हणजे कमी लेखणं, तुच्छ समजणं. 'खान-पु-शांग' म्हणजे पसंत न पडणं, नजरेत न भरणं, स्थळ पाहताना होतं तसं. मुलीनं एखादं स्थळ नाकारलं तर ते 'खान-पु-शांग', मुलाच्या आईला मुलीचे कपडे आवडले नाहीत तर 'खान-पु-क्वान', आणि वरपक्षानं वधूपक्षाला गरीब म्हणून नाक मुरडलं तर 'खान-पु-छी'. एका लग्नात तिन्ही बसतात.

आता लाडाकडे येऊ. एकटा क्वान क्रियापद म्हणून आला आणि त्यापुढे माणूस आला, की तो लाडावण्याचा. 'क्वान हाय-त्स' म्हणजे पोराला लाडावणं. 'क्वान-ह्वाय-ल' म्हणजे लाडानं बिघडवलं. 'च्याओ-शंग-क्वान-यांग' म्हणजे लाडाकोडात वाढलेलं, ऊन-वारा न लागलेलं. पण हा शब्द कौतुकाचा नाही हे ध्यानात ठेवा. आपल्याकडे 'लाडाकोडात वाढली' हे प्रेमानंही म्हणतात. चिनी वाक्प्रचारात कुजकटपणा ठरलेला. म्हण तर त्याहून कडक आहे : 'क्वान-त्स रू शा-त्स', पोराला लाडावणं म्हणजे पोराला मारणं. 1980 पासून 2015 पर्यंत चीनमध्ये एका जोडप्याला एक मूल हे धोरण होतं, ग्रामीण भागात आणि अल्पसंख्याकांना काही सवलती होत्या. एका मुलावर आईबाप दोन आणि आजीआजोबा चार, अशी सहा मोठ्यांची नजर. अशा मुलांना 'श्याओ-ह्वांग-ती', छोटे सम्राट, हे नाव पडलं आणि क्वान या क्रियापदाला घराघरांत भरपूर काम मिळालं. दुधापेक्षा दुधावरची साय गोड, हे आपल्यासारखं चिनी आजीआजोबांनाही लागू. त्यांच्याकडे त्याला 'क-पेइ-छिन' म्हणतात, एक पिढी ओलांडून जाणारी माया.

इथे तो चौथा स्वर महागात पडतो. 'क्वान' असाच उच्चार पण तिसऱ्या स्वरात, म्हणजे खालच्या पट्टीत दाबून म्हटलेला, असं दुसरंच एक अक्षर आहे. त्याचा अर्थ लक्ष ठेवणं, वळण लावणं, हस्तक्षेप करणं. व्यवस्थापनाला चिनीत जे म्हणतात त्यातही तेच अक्षर आहे. म्हणजे एका क्वाननं पोर शिस्तीत राहतं आणि दुसऱ्यानं बिघडतं! 'प्ये क्वान था' हे तीन शब्द चौथ्या स्वरात म्हटले तर 'त्याचे लाड करू नकोस', तिसऱ्या स्वरात म्हटले तर 'त्याच्यात लक्ष घालू नकोस, असू दे'. सल्ले एकदम उलटे. रागावलेल्या आजोबांसमोर यातला चुकीचा स्वर काढू नये. माझ्याकडे येणाऱ्यांना मी ही दोन वाक्यं आधी मोठ्यानं म्हणायला लावतो, बाकी व्याकरण नंतर.

अलीकडे हा लाडाचा क्वान पोरांपुरता उरलेला नाही. 'वो पू क्वान-च नी' म्हणजे 'तुझे नखरे मी चालवून घेणार नाही'. उद्धट गिऱ्हाईक, डोक्यावर बसलेला साहेब, दर वेळी उशिरा येणारा मित्र, कुणालाही. इंटरनेटवर हे वाक्य भरपूर दिसतं. दुभाष्याची नोकरी करत असाल तर समजायला शिका, वापरू नका. आणि 'तोउ श क्वान त!' एवढंच कुणी फणकाऱ्यानं म्हटलं तर मराठीत सरळ 'लाडावून ठेवलंय नुसतं!' करा. कर्ता शोधत बसू नका, चिनीतही तो नसतो.

मागे क्वान नसून पुढे असला की शब्द औपचारिक होतात, तिथे फार अडायचं कारण नाही. 'क्वान-थोउ' म्हणजे सराईत चोर, 'क्वान-फान' म्हणजे सराईत गुन्हेगार. मराठीतला 'सराईत' इथे चपखल बसतो, दुसरा शब्द शोधू नका. मात्र न्यायालयाचा कागद असेल तर सावध. 1979 च्या चिनी फौजदारी कायद्यात सराईत चोर आणि सराईत ठग यांचा उल्लेख होता. 1997 च्या कायद्यात तो गेला. आता कायद्याची संज्ञा 'लेइ-फान' ही आहे, आणि ती मोजूनमापून ठरते : आधीची कैदेची शिक्षा भोगून झाल्यावर पाच वर्षांच्या आत पुन्हा कैदेच्या शिक्षेचा हेतुपुरस्सर गुन्हा. 'क्वान-फान' हे बातमीदाराचं आणि शेजाऱ्यांचं विशेषण, त्याला आता कलमाचा आधार नाही.

'क्वान-शिंग' म्हणजे शाळेतलं आपलं जडत्व. न्यूटनच्या पहिल्या नियमाला 'क्वान-शिंग-तिंग-ल्यु' असंही म्हणतात. वस्तूची 'सवयीची प्रकृती', चालती असेल तर चालत राहणं, थांबली असेल तर थांबून राहणं. आपल्या शब्दानं जडपणा धरला, त्यांच्या शब्दानं सातत्य. बोलीत 'क्वान-शिंग विचार' म्हणजे चाकोरीतला विचार.

'क्वान-ली' मात्र पैशाशी संबंधित आहे म्हणून थोडं थांबतो. पुरवठादाराच्या पत्रात 'आन-चाओ क्वान-ली' असं आलं तर अर्थ 'नेहमीच्या प्रथेप्रमाणे'. बहुधा त्यापुढे 30 टक्के आगाऊ आणि 70 टक्के माल निघण्याआधी अशी अट असते. नवखा भाषांतरकार इथे 'नियमानुसार' लिहितो आणि आपला उद्योजक नियम म्हटल्यावर मान तुकवतो. नियम नाही, प्रथा आहे, आणि प्रथा मोडण्यासाठी चिनीत खास क्रियापद आहे, 'फो-ली', अपवाद करणं. 'या वेळी जरा फो-ली करता येईल का?' हे विनयानं विचारण्यात काही गैर नाही. समोरचा नाही म्हणेल, पण रागावणार नाही.

तशीच गोष्ट कायद्यातल्या 'शीक्वान'ची. चीनची नवी दिवाणी संहिता 2020 च्या मे महिन्यात मंजूर झाली आणि 1 जानेवारी 2021 पासून लागू झाली. तिच्या दहाव्या कलमात म्हटलंय की दिवाणी वाद कायद्यानुसार सोडवावेत, कायद्यात तरतूद नसेल तर 'शीक्वान' लागू करता येईल, मात्र ते सार्वजनिक सुव्यवस्था आणि सदाचाराच्या विरोधात जाता कामा नये. यंत्राला दिलं तर ते 'सवय लागू करता येईल' असं भाषांतर देऊ शकतं. इथे शब्द हवा 'रूढी'. एका माणसाची असते ती सवय, गावाची असते ती रूढी. चिनीत दोन्हींना शीक्वान, मराठीत नाही. चिनी राज्यघटनेच्या चौथ्या कलमात देशातल्या सर्व वांशिक समाजांच्या चालीरीतींचा उल्लेख आहे, तिथेही 'फंग-सू शीक्वान', म्हणजे रीतिरिवाज.

चार अक्षरी वाक्प्रचारांपैकी एक आवर्जून शिका : 'स्स-खुंग-च्येन-क्वान'. 'स्स-खुंग' हे जुन्या राजवटीतलं मोठं पद. सांगितली जाणारी गोष्ट अशी की थांग राजवटीच्या काळातला कवी ल्यु यू-शी एकदा अशा एका बड्या अधिकाऱ्याच्या मेजवानीला गेला. नाचगाणं पाहून त्यानं तिथल्या तिथे कविता केली : स्स-खुंगसाहेबांना हे रोजचंच बघून सवयीचं झालंय, माझ्यासारख्याचं काळीज मात्र तुटतं. तेव्हापासून अर्थ झाला 'रोजचंच, काही नवल नाही'. वापरताना चूक एकच होते. याला मागे कर्म जोडता येत नाही. 'अमक्या गोष्टीबाबत' हे 'त्वेइ' लावून आधी सांगायचं आणि वाक्प्रचार शेवटी ठेवायचा.

कँटनीज बोलणाऱ्यांशी काम असेल तर हिशेब थोडा बदलतो. हाँगकाँगमध्ये हे अक्षर एकटंच, क्रियापदासारखं धावतं. नव्या नोकरीवर गेलेल्याला 'सवय झाली की नाही?' विचारताना नुसतं 'क्वान की नाही क्वान' अशा घडणीनं विचारतात, 'शी' लावत बसत नाहीत. पोराला लाडावणं मात्र तिथे वेगळ्या क्रियापदानं होतं, त्यामुळे मालिकेत ऐकलेली सुनेची फणकार तिथे वापरून बघू नका.

आपल्याकडे चिनीपेक्षा जपानी शिकणारे अधिक आहेत, त्यांच्यासाठी शेवटचं. तुमच्याकडे हेच अक्षर 'नारेरु' या क्रियापदात येतं आणि 'शूकान' या नामात. 'नारेरु'च्या आधी 'नि' हा प्रत्यय लागतो, आणि तो नेमका 'थंडीला सरावलो' मधल्या आपल्या 'ला'सारखा बसतो, म्हणून जपानीत हे वाक्य मराठी माणसाला जड जात नाही. लाडाचा अर्थ जपानी 'नारेरु'त नाही. त्याला 'आमायाकासु' हे अगदी वेगळं क्रियापद आहे. आणि जपानी रूप 14 रेघांचं, जुन्या शिंपल्यासकट. दोन्ही भाषा एकत्र शिकत असाल तर चिनी वहीत 11 आणि जपानी वहीत 14, हे पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा.